फळ्याचा उजवा कोपरा

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आठवीत आले तरी मला त्या तासाला पोटात गोळा यायचा. मळ्यातून चालत येणाऱ्या आम्ही पाच-सहा पोरी शेवटच्या बाकावर बसायचो आणि सरांनी आपलं नाव घेऊ नये एवढंच मनात असायचं. त्या वर्षी नवीन सर आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखली, म्हणाले इथं रोज एक जुना इंग्रजी शब्द येणार, परीक्षेत येणार नाही, पुस्तकात सापडणार नाही, तुम्ही फक्त घरी जाऊन विचारायचं की आपल्याकडं ह्याला काय म्हणतात आणि चिठ्ठीवर लिहून आणायचं. चिठ्ठ्यांची कल्पना कुठून आली तेही सांगितलं. ऑक्सफर्डचा मोठा कोश ज्यांनी उभा केला ते जेम्स मरे मुळात शाळामास्तर, लोक जगभरातून त्यांना शब्दांच्या चिठ्ठ्या पाठवायचे, कोश पूर्ण झाला १९२८ला पण मरे १९१५लाच गेले.

पहिला शब्द होता ओव्हरमॉरो, म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस, १५३५च्या छापील बायबलात आहे. कालच्या आधीच्या दिवसाला एरयेस्टरडे. आता इंग्रजीत त्यासाठी चार-चार शब्द जुळवावे लागतात आणि आपलं परवा मात्र दोन्हीकडं चालतं, शिवाय तेरवा पण आहे! सर हे इतक्या आनंदानं सांगत होते की मला पहिल्यांदा वाटलं, अरे, इंग्रजीला पण काहीतरी कमी पडू शकतं. फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री, तसंच सात रात्रींचा सेनाइट, तो गेला, फोर्टनाइट राहिला. आपण मात्र पंधरवडा म्हणतो, त्यावरून वर्गात एका रात्रीचा फरक कुठून आला यावर पूर्ण तास भांडण झालं होतं.

पण मला खरं धरून ठेवलं ते लॉर्ड आणि लेडी या दोन शब्दांनी. लॉर्डचं जुनं रूप ह्लाफवेअर्ड, ह्लाफ म्हणजे पाव, वेअर्ड म्हणजे राखणारा. लेडी म्हणजे ह्लॅफ्डीये, कणीक मळणारी. मी घरी गेले तेव्हा आई चुलीपुढं बसून भाकरीचं पीठ मळत होती, मी तिला म्हटलं आई तू लेडी आहेस, खरंच, अर्थच तो आहे. ती म्हणाली आधी हात धू. पण संध्याकाळी तिनं ते शेजारच्या काकूंना सांगितलेलं मी ऐकलं.

विंडोचा अर्थ वाऱ्याचा डोळा, उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स लोकांकडून आलेला शब्द. त्याची चिठ्ठी एका मुलानं आणली, त्याच्या आजोबांनी लिहून दिलेली, गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. सरांनी ती चिठ्ठी वर्गात दोनदा वाचली.

थंडीत आमच्या निफाडकडं सकाळी दव गोठतं, तेव्हा सर वर्ग मैदानात घ्यायचे. फळा नाही म्हणून काठीनं मातीत शब्द लिहायचे. ॲप्रिसिटी असाच मातीत लिहिलेला, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, हेन्री कॉकरमच्या १६२३च्या कोशातला. आम्ही सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, कोवळं ऊन!

आणि देवळाली. हे तर घरचंच. आयुष्यभर मुंबईला जाताना नाशिकरोड सुटलं की पुढं देवळाली लागते आणि तिथल्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने अडकलेले गोरे सैनिक डोक्यानं सैरभैर व्हायचे, त्याला ते डुलॅली टॅप म्हणायचे, टॅप म्हणजे ताप, आपलाच. टॅप गळून पडला, डुलॅली राहिलं, इंग्लंडमधे अजून वेड लागलेल्याला म्हणतात. मुंगूस पण मराठीतूनच गेलं, पण मला देवळालीचं जास्त लागलं, त्या पोरांना घरी जायचं होतं.

मी आता पुण्यात नर्स आहे, वीस वर्षं झाली, नाइट ड्यूटी बरीच असते. पहाटे चारच्या सुमारास आयसीयूबाहेर बाकावर बसलेली माणसं दिसतात, झोप नाही, बोलणं नाही, आणि मला सरांचा सगळ्यात अवघड शब्द आठवतो. ऊख्टचेआरे. उजाडायच्या आधीची काळजी. हजारेक वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात एका बायकोची कविता आहे, नवरा समुद्रापार गेलाय, तो कुठल्या मुलखात असेल ह्या विचारानं तिला पहाटे हे होतं. आणि त्यात ती नवऱ्यासाठी जो शब्द वापरते तो लॉर्डचंच जुनं रूप, पाव राखणारा! ही चिठ्ठी मी आणली होती, आजीला विचारून. आजीनं एकच शब्द सांगितला होता, घोर. जिवाला घोर लागतो तो. तिचा मुलगा म्हणजे माझे काका तेव्हा सैन्यात होते, सीमेवर.

त्या सगळ्या शब्दांची माझी वही अजून आहे, १३८ शब्द, पुढं सरांची बदली झाली. वहीची झेरॉक्स शाळेच्या लायब्ररीत ठेवायला दिलीय. लेडीच्या पानावर तेलाचा डाग पडून दोन ओळी पुसल्यात, त्या मी समासात परत लिहिल्या आहेत.