गळ्याला मफलर, हँडलला तार

दर जानेवारीत कुणीतरी विचारतंच. पुण्याची मावसबहीण फोनवर, खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात. "उत्तरायणाला सायकल घेऊन बाहेर कशाला पडता? मांज्याची भीती नाही वाटत?"

वाटते. काही वर्षांपूर्वी इथे बडोद्यात कोठीजवळ कानाखाली काहीतरी हळूच लागलं, कोळ्याचं जाळं लागावं तसं. सवयीनं हात वर गेला म्हणून गळा वाचला आणि दोन बोटं कापली. टाके पडले. दोरीचं एक टोक निंबाच्या झाडात अडकलेलं होतं आणि दुसरं कुठल्याशा अगाशीवरची, म्हणजे गच्चीवरची, मुलं खेचत होती. त्यांना खाली माणूस आहे हे दिसतही नव्हतं. पतंग कटला की नेमकं हेच होतं. दोरी रस्त्यावर आडवी येते, वरून कुणीतरी ती ओढत असतं, आणि काचेची भुकटी लावलेली ती ताणलेली दोरी करवतीसारखी सरकते. नायलॉनची असेल तर आणखी वाईट, कारण ती तुटतच नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये तिच्यावर देशभर बंदी घातली. तरी दर वर्षी रस्त्यात तिचे तुकडे सापडतात, आणि ते पाहून मला राग येतो.

मग जातोच कशाला?

आत्यासाठी. ती करेलीबागेत राहते, गुडघे गेलेत. १४ जानेवारीला आमचं सगळं बडोदं अगाशीवर असतं. सकाळपासून फिरक्या, चिक्की, बोरं, ऊस, मोठाले स्पीकर. "काप्यो छे" आणि "ए लपेट" ऐकू आलं नाही असा मिनिटभरही जात नाही. आपण मराठी माणसं घरी संक्रांत म्हणतो, पण जिना चढलो की उत्तरायणच करतो. आणि ज्यांना जिना चढता येत नाही ती माणसं खाली राहतात. घरोघरी अशी एक आजी किंवा आजोबा असतात. जेवणाचं ताट वेळेवर येतं, मुलं येऊन पाया पडून तिळगूळ घेतात आणि धावत वर जातात. यात कुणाचा दोष नाही, हा दिवसच तसा आहे. पण वर एवढा कल्ला चालू असताना खालच्या खोलीत किती शांत असतं, ते मी आत्याकडे पहिल्यांदा बसलो तेव्हा कळलं.

स्कूटर का नाही, हेही विचारतात. चाळिसाच्या वेगात दोरी दिसत नाही, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सायकल मी त्या दिवशी पायी चालणाऱ्यापेक्षा जेमतेम पुढे जाईल इतकीच चालवतो. ब्रेक दाबला की तिथल्या तिथे थांबते. हँडलला उलट्या यूसारखी जाड तार बांधलेली आहे, डोक्याच्या वर जाईल एवढी उंच. गळ्याला सुती मफलरचे तीन वेढे, डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे. फतेगंजच्या उड्डाणपुलाच्या बाजूला तर फिरकतही नाही. पुलावर आपण आसपासच्या अगाश्यांच्या उंचीला पोचतो आणि दोरी थेट छातीवर येते. दांडिया बाजारातून निघून कोठी, नागरवाडा, बहुचराजी असा खालचाच रस्ता धरतो. वेळही ठरलेली, दुपारी एक-दीडची. लोक उंधियो-जिलबी खायला खाली उतरतात, आमच्यासारख्यांकडे गुळाची पोळीही असते, आणि तेवढा तासभर आकाश जरा मोकळं होतं. तरी भीती जात नाही. ती जाऊ नये असंच मला वाटतं.

वाटेत एक काम करतो. सायकलच्या पिशवीत कात्री असते. हाताला येईल तेवढी लोंबती दोरी, फाटकांवरची, झुडपांवरची, कापून गुंडाळून घेतो. पक्षी सकाळी आणि संध्याकाळी थव्यानं उडतात, नेमकं तेव्हाच पतंगांचंही रान उठतं. आणि सण संपला तरी अडकलेली दोरी तिथेच राहते. विश्वामित्रीकाठच्या झाडांवर बगळे रात्रीला येतात, त्यांना काय ठाऊक सुट्टी संपली ते. म्हणून दुसऱ्या दिवशीही निघतो. इथे ती वासी उत्तरायण, आपली किंक्रांत. करिदिनाला घराबाहेर पडू नये असं आजी सांगायची, आणि तिचं एवढं एकच मी ऐकत नाही.

आत्याकडे पोचलो की आधी तिळगूळ, मग ती विचारते, "आज वर कुठला रंग जास्त आहे रे?" मी रस्ताभर त्यासाठीच मान वर करून थांबत थांबत आलेलो असतो. यंदा पांढरा सांगितला, मध्ये मध्ये जांभळा. वारा कुठून आहे, ढील देतायत की खेचतायत, सगळं विचारते. तरुणपणी ती स्वतः किन्ना, म्हणजे पतंगाची कन्नी, बांधायची, भावांचे पतंगसुद्धा तीच तयार करून द्यायची.

मग माझी पिशवी मागते. दोरीचे गुंते मांडीवर घेऊन एकेक तुकडा बोटांत जपून धरते. हा सुती, हाही सुती. नायलॉनचा निघाला की काही बोलत नाही, तो बाजूला ठेवते आणि मला मफलर सोडून गळा दाखवायला लावते.