तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं चोख काम, मग अजून इन्स्पेक्टरच कसे?

घरचे विचारतात, लाईनवरची नवी पोरं विचारतात. चाकणला क्वालिटीत १७ वर्षं झाली. मी कमी बोलतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

एका ट्रेनिंगमध्ये मला उत्तर सापडलं होतं. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये ११७ अभ्यास एकत्र तपासले. सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडणारा गुण निघाला तो चोखपणा. बोलकेपणाचा फायदा दिसला विक्रीत आणि मॅनेजरकीत. मग गेज, म्हणजे मापायचं उपकरण, धरणाऱ्याला बडबड कशाला हवी? हे मी सगळ्यांना ऐकवायचो. त्याच अभ्यासात चोखपणाचा कामगिरीशी संबंध ०.२२ च्या आसपास होता, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम ५ टक्के भाग. ते मात्र कधी सांगितलं नाही.

आणि तो दिवसही सांगितला नाही. सकाळी मास्टर रिंगवर, म्हणजे माप पक्कं ठरलेल्या कड्यावर, बोअर गेज (भोकाचा व्यास मापायचा गेज) लावला, तर झिरो १२ मायक्रॉन सरकलेला. रात्रपाळीचा अख्खा लॉट संशयात. मी रजिस्टरमध्ये लाल शाईनं नोंद केली, मेल टाकला, फोटो जोडले. नऊच्या मीटिंगला गेलो. साहेबांनी विचारलं, "क्वालिटी, काही?" तेवढ्यात प्रॉडक्शनवाला बोलायला लागला. त्याचं संपेपर्यंत मी थांबलो. संपलं, तेव्हा सगळे उठले होते. मीही उठलो. मेल केलाय, वाचतील, असं मनाला सांगितलं. अकराला तो लॉट घेऊन गाडी गेटबाहेर गेली. पुढे आमची चार पोरं कस्टमरकडे दोन रात्री उभी राहून एकेक पीस निवडत होती. त्यातला एक परत आल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही नुसतं ओरडला असतात तरी चाललं असतं."

चूक पकडली कोणी? मीच ना! भरभर गेज फिरवून मीटिंगमध्ये छान बोलणाऱ्याला ती दिसली असती का? तेव्हा हेच म्हणत होतो, आजही म्हणेन. पण "माझा स्वभावच असा" असंही तेव्हा लिहून दिलं होतं, आणि ते वाक्य आता मला सहन होत नाही. लाल टॅग लावून लॉट होल्ड करायला स्वभाव आडवा येत नव्हता. टॅग माझ्या खिशात होते.

गेल्या महिन्यात पुन्हा तशीच वेळ आली. मी डिस्पॅचला गेलो आणि ड्रायव्हरच्या हातातून गेट पास काढून घेतला. हात थरथरत होता. का थांबवलं, ते सांगायला पाच मिनिटं लागली.