टॉम अँड जेरीतल्या त्या बाई

टॉम अँड जेरी पाहत वाढलेल्या प्रत्येकाला त्या बाई आठवत असतील. जाडजूड पाय, घसरलेले मोजे, पायात सपाता, हातात झाडू आणि टॉमच्या नावानं ठोकलेली आरोळी. चेहरा मात्र दिसायचा नाही. आमच्या घरी सगळ्या भावंडांना त्या घराच्या मालकीणबाईच वाटायच्या. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना मात्र त्या पाहताक्षणी मोलकरीण वाटाव्यात, अशाच रेखाटलेल्या होत्या.

हे मला नीट उमगलं ते इथे मिशिगनमध्ये, बिग रॅपिड्सच्या फेरिस स्टेट विद्यापीठातल्या जिम क्रो म्युझियममध्ये. (जिम क्रो म्हणजे अमेरिकेत काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळं आणि कमी लेखून ठेवणारी जुनी व्यवस्था.) डेव्हिड पिलग्रिम या समाजशास्त्रज्ञानं जमवलेल्या वंशद्वेषी वस्तूंमधून हे संग्रहालय उभं राहिलंय. तिथे ‘मॅमी’ जागोजागी भेटते, अगदी बिस्किटांच्या बरण्यांवरसुद्धा. धष्टपुष्ट, डोक्याला रुमाल बांधलेली, गोऱ्या कुटुंबाची सेवा करण्यात धन्यता मानणारी काळी बाई. गुलामगिरीत राबलेल्या बायका सुखातच होत्या, असं स्वतःला पटवायला गोऱ्या समाजानं रंगवलेली ही प्रतिमा. टॉमच्या घरातल्या बाई त्याच साच्यातल्या. त्यांचं नावसुद्धा मॅमी टू शूज.

टॉम अँड जेरीचा पहिला लघुपट फेब्रुवारी 1940 मध्ये आला. त्याच महिन्यात हॅटी मॅकडॅनियल यांना ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातल्या मॅमीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार, आणि त्याच समारंभात त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. हे वाचून मी बराच वेळ तिथेच थबकले.

आपल्या ओळखीचा तो आवाज होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. काय ताकद आहे त्या आवाजात! 1950 च्या एका भागात बाई नटूनथटून पत्ते खेळायला बाहेर पडतात, आणि मागे टॉम घरात मांजरांची मैफल जमवतो. त्या तावातावानं घरी धावत येतात तेव्हा क्षणभर त्यांचा चेहराही दिसतो. रँडॉल्फबाईंनी नुसत्या आवाजावर या पात्रात जीव ओतला होता.

एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं अशा चित्रणाला विरोध केला, आणि तो रास्तच होता. 1952 नंतर हे पात्र बंद झालं. पण 1960 च्या दशकात टीव्हीसाठी जे केलं गेलं, त्याचा मला खरा राग येतो. काही जुन्या भागांत बाईंच्या जागी गोरी बाई रेखाटली आणि आयरिश ढंगाचा नवा आवाज चढवला. अपमानकारक चित्र पुसताना रँडॉल्फबाईंचं कामही पुसून टाकलं. त्यापेक्षा 2005 च्या डीव्हीडीतली पद्धत मला पटते: हूपी गोल्डबर्ग सुरुवातीलाच समोर येऊन यात काय चूक होतं ते सांगतात, आणि मग मूळ कार्टून दाखवलं जातं. मुलांना दाखवायचं तर असंच, शेजारी बसून, सांगत सांगत.

कुणी इकडे आलात तर बिग रॅपिड्स ग्रँड रॅपिड्सहून गाडीनं साधारण तासाभरावर आहे. संग्रहालयाला तिकीट नाही. फार लहान मुलांना मात्र आत नेऊ नका. जमावानं केलेल्या हत्यांचा भाग मोठ्यांनाही सोसवत नाही.