नववा जग : पांढरा अखेर तडकला नाही

आज उठल्या उठल्या चूळसुद्धा न भरता चित्रातल्या पाण्याच्या जगाच्या पोटावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. तडा नाही. तिसरा दिवस आहे. मे महिना, परभणी, डोक्यावर पत्रे, पारा ४३ ला टेकलेला, आणि तडा नाही! जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. माझ्या जगात आजवर नुसत्या भेगा होत्या.

आधीचे आठ जग ज्यांनी पाहिलेत त्यांना प्रकरण माहीत आहे; बाकीच्यांसाठी, एकच चित्र मी पुन्हा पुन्हा काढतेय. तोच पितळी जग, तीच दारातली झिनियाची फुलं, आणि पोस्टर कलर पाण्यात न फुलवता जाड थापायचा, चित्रकार के. एच. आरांसारखा. आरा जलरंग आणि गुवाश (अपारदर्शक जलरंग) असा चढवत की लांबून तैलरंग वाटावा. आणि पुढे तैलरंग हातात आला तर तो पातळ करून जलरंगासारखा वाहवला. उलट्या खोपडीचा माणूस, म्हणून तर आवडतो. त्यात १९१४ सालचा सिकंदराबादजवळच्या बोलारमचा जन्म, म्हणजे आमच्यासारखाच निजामाच्या मुलखातला.

तर भेगा. रंग लावला की तासाभरात वरून कोरडा. दुपारपर्यंत जगाच्या उजेडाच्या जागी, जिथं पांढरा सगळ्यात जाड असतो तिथंच, केसाएवढी रेघ. संध्याकाळी कागद उचलला की टिचकन पोपडा खाली. सहाव्या जगाचा पोपडा मी डबीत जपून ठेवलाय, रागानं.

आधी दोष डिंकावर ढकलला. या रंगात बांधणारा डिंकच असतो, तर म्हटलं कमी पडत असेल. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवला, फडक्यातून गाळला, पांढऱ्यात कालवला. भेगा दुप्पट. पांढरा काचेसारखा चमकायला लागला आणि काचेसारखाच फुटला. मग ग्लिसरीन. पाच थेंब घातले आणि सातवा जग चार दिवस वाळलाच नाही. खाली माझं शिवणाचं दुकान, वर माझी खोली. मशीनवरचा सगळा धागा-भुसा उडून त्या पांढऱ्यावर चिकटला. ब्लाउजच्या अस्तराचा एक लाल तंतू तर असा बसलाय की लोक सही समजतात. आठव्याला एकच थेंब घातला, तर चिकटपणा गेला आणि भेग परत आली. कूलर लावून पाहिला, तर कागदाची पुरी झाली.

सुटका झाली ती गिऱ्हाइकामुळं. एका ताईंच्या कुर्त्याची कॉलर दोन धुण्यांत मोडली म्हणून परत आली. उसवून पाहिलं तर आत मीच हलकं बकरम (कॉलर ताठ ठेवणारं कापड) घातलेलं. वरचं कापड चांगलं, शिवण चांगली, पाठीला जोर नाही म्हणून घडी पडली. कात्री हातातच राहिली. रंगाचं काय चुकतंय ते महिनाभर शोधत बसले, आणि खालचा कागद दिवसभर हलत होता! उन्हात आखडतो, रात्री सैल पडतो, उचलला की वाकतो. वर जाड पांढरा म्हणजे वाळलेला पापड. तो कुठवर वाकणार?

मग काय, शहाणपणा करून कागदाच्या पाठीला फ्यूजिंग, म्हणजे गरम केलं की चिकटणारं अस्तर, इस्त्रीनं चिकटवलं. कोरडं होतं तोवर झकास. ओला रंग पडताच कागद फुगला, फ्यूजिंग होतं तेवढंच राहिलं, आणि मधे रुपयाएवढे फुगे. लेक वर येऊन म्हणाली, "मम्मे, चित्राला कांजिण्या आल्यात. काय करायलीस तू?"

शेवटी बाइंडिंगवाल्या काकांकडं गेले. म्हणाले, "खळ लाव की बाई, इस्त्री कशाला फिरवायलीस कागदावर?" मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, विषारी. ते पातेलं आता कायमचं रंगाचं, स्वयंपाकघरात परत नाही.) कागद भिजवून हार्डबोर्डवर चिकटवला, मधून बाहेर हातानं दाबत नेला. सकाळी बोर्डच धनुष्यासारखा वाकलेला! परत काका. त्यांनी हसून एवढंच सांगितलं की मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटव, दोन्हीकडून सारखा ओढला की बोर्ड सरळ राहतो. वहीच्या पुठ्ठ्याला आतून कागद का लावतात ते मला या वयात कळलं.

नवव्या जगाला पांढरा लावताना त्याच ढिगातला, तेवढाच जाड पट्टा एका सुट्या कागदावरही ओढून शेजारी ठेवला. सुटा दुपारी दोनला तडकला. बोर्डवरचा अजून शाबूत. डिंक नाही, ग्लिसरीन नाही, दुकानातून आणला तसा रंग.

सामानाचं सांगायचं तर, घरपोच मागवलेला महागडा कागद पुन्हा मधोमध घडी पडून आला. आता त्या वाटेला जाणार नाही. गावातला जाड कार्ट्रिज (चित्रकलेचा साधा कागद) खळीवर मस्त बसतो. आणि जाड रंगाला महागडे ब्रश घेऊ नका. गम लावायचा डुकराच्या केसांचा ब्रश, टोक तिरकं कापून. कात्री मात्र कापडाची वापरू नका, मी वापरली आणि दिवसभर स्वतःलाच बोलले.

आरांना हे कोणी सांगितलं असेल? लहानपणीच घर सोडून मुंबईला आलेला पोरगा, लोकांच्या मोटारी धुणारा, घरकाम करणारा. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आला. पुढे टाइम्स ऑफ इंडियाचे समीक्षक रुडी फॉन लायडन यांच्या नजरेत त्याचं काम भरलं, १९४२ ला पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं, १९४७ ला सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाक्रे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट काढला. आणि १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक कशाला, तर 'टू जग्ज'ला. दोन जग! मला एक काढता काढता उन्हाळा सरत आला.

त्यांच्या १९६३ च्या 'ब्लॅक न्यूड' मालिकेसारखं काही काढणार का, असं एकीनं विचारलं होतं. मापं घेऊन घेऊन बायकांचं शरीर मला बरंच पाठ आहे, पण गिऱ्हाईक टिकवायचंय. तूर्त जगच.

दहावा जग अशाच बोर्डवर, जांभळ्या पडद्यापुढं, असं ठरवलं होतं. पण काल सासूबाईंनी घाण्यावरून आणलेल्या करडीच्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडता उघडेना. काठाला तेल सुकून पिवळट, रबरासारखी साय धरली होती. म्हणजे हे तेल वाळतं! तैलरंगातल्या पांढऱ्याला करडीचं तेल वापरतातच, जवसापेक्षा कमी पिवळं पडतं म्हणून. आणि आम्ही त्यात वांगी परततो. जांभळा पडदा राहू दे. आरांचा तो पातळ, वाहता तैलरंग आपल्या करडीच्या तेलात जमतो का ते आधी बघायचंय.

काचेच्या तुकड्यावर झिंक व्हाइट (जस्ताची पांढरी पूड) आणि करडीचं तेल खलून खिडकीत ठेवलंय. जवसाच्या तेलातलाही एक ठिपका शेजारी आहे. "आई, त्या डब्यातलं वाटीभर तेल घेतलंय," असं सासूबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "घे, पण मोरचूदाचं पातेलं कुठंय ते आधी दाखव."