तो अपघात नव्हता

१९९९ च्या ऑगस्टमध्ये मुश्कोह खोऱ्यात माझा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. २६ जुलैला कारगिलची लढाई संपली होती, पण शत्रूनं पेरलेले सुरुंग डोंगरातच होते. आम्ही वरच्या चौकीवर रेशन घेऊन चढत होतो. पुढचे तिघं ज्या जागेवरून गेले, तिथंच माझा पाय सुरुंगावर पडला. सोबतच्या जवानानं मांडीला पट्टा आवळला, पोरांनी खांद्यावरून खाली आणलं, आरएमओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांनी, इंजेक्शन दिलं आणि हेलिकॉप्टरनं मला श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलात पोचवलं. या माणसांमुळं मी जिवंत आहे. माझा राग त्यानंतरच्या कागदांवर आहे.

हॉस्पिटलातली एक गोष्ट सांगतो, कारण घरचे लोक हमखास घाबरतात. ऑपरेशननंतर जखम शिवली नव्हती, उघडीच ठेवली होती. मला वाटलं, माझ्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही असं डॉक्टरांनी ठरवलंय. सर्जन साहेबांनी समजावलं की सुरुंगाच्या जखमेत माती, बुटाचे तुकडे खोलवर जातात, लगेच शिवली तर आत सडते. आधी साफ करायची, चार-पाच दिवस बघायचं, मग टाके. तसंच झालं.

नंतर पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र. १९४४ पासून सैनिकांना पाय-हात बसवून देणारी ही जागा. तिथं बारा दिवसांत मी दोन्ही कुबड्या सोडल्या, याचा मला आजही अभिमान आहे. नसलेल्या पायाची बोटं रात्री जळायची, ते हळूहळू कमी झालं.

मग मेडिकल बोर्ड, म्हणजे अपंगत्व ठरवणारी लष्करी डॉक्टरांची समिती. ६० टक्के अपंगत्व. २००१ मध्ये बोर्ड आऊट होऊन, म्हणजे जखमेमुळं सेवेतून मोकळा होऊन, घरी आलो आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, हातात पडला. आबांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. त्यात 'वॉर इंज्युरी', म्हणजे लढाईतली जखम, हे शब्दच नव्हते. साधं 'डिसॲबिलिटी एलिमेंट', म्हणजे नेहमीच्या अपंगत्वाची पेन्शन, असं लिहिलं होतं. आबा म्हणाले, "म्हंजी काय, तू पडलास व्हय रं?"

संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं एक पत्र आहे, १ जानेवारी १९९६ पासून लागू. त्यात मृत्यू आणि अपंगत्वाचे ए ते ई असे पाच गट आहेत. ड्युटीवरचा अपघात सी गटात येतो. शत्रूशी लढताना झालेली जखम ई गटात. आणि त्याच ई गटात स्पष्ट लिहिलंय की सीमेजवळ किंवा नियंत्रण रेषेजवळ सुरुंग पेरताना, काढताना किंवा सुरुंगाच्या पट्ट्यातून जाताना स्फोट झाला तर तोही धरायचा. मला सी गटात घातलं होतं. दोन्ही गटांच्या पेन्शनमध्ये मोठा फरक आहे, पण मला पैशापेक्षा तो 'ॲक्सिडेंट' शब्द जास्त लागला. माझी पलटण तिथं सहलीला गेली नव्हती.

पहिला अर्ज केला तेव्हा हे पत्र माझ्याजवळ नव्हतं. मी नुसतं "माझ्यावर अन्याय झाला" असं दोन पानं लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं. मग मी स्वतः पेन्शनच्या कार्यालयात गेलो. दीड दिवसाचा रेल्वे प्रवास, नवा पाय, स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावर, फोड. काउंटरवरच्या बाबूनं फाइल न उघडता सांगितलं, "लडाई तो छब्बीस जुलाई को खतम हो गई थी. आपकी तारीख अगस्त की है." मी विचारलं, मग सुरुंगाला कुणी सांगितलं का लढाई संपली म्हणून? त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं तेच चाललं. हे कार्यालय म्हणायचं कागद त्या कार्यालयात आहेत, ते म्हणायचं इकडं पाठवलेत. माझ्या ट्रंकेत रजिस्टर पोस्टाच्या पावत्यांचा गठ्ठा झाला. बायको म्हणायची, "अहो, मिळतंय त्यात भागवू." मी ऐकलं नाही, आणि बरं झालं.

गाठ सुटली ती गावच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांमुळं. त्यांनी त्या पत्राची झेरॉक्स दिली आणि म्हणाले, भांडू नकोस, कागद माग. २००५ च्या ऑक्टोबरात माहितीचा अधिकार आला होता. २००६ मध्ये दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून मी चारच गोष्टी मागितल्या: पलटणीनं पाठवलेला कॅज्युअल्टी सिग्नल (जवान जखमी झाल्याचा संदेश), पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीचा आदेश), इंज्युरी रिपोर्ट (जखमेचा अहवाल) आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही. सिग्नलची प्रत आली. त्यावर पलटणीनं पहिल्याच दिवशी 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईत जखमी, असं लिहिलं होतं. माझ्या साहेबांनी बरोबरच लिहिलं होतं! चूक पुढं कुठल्या तरी टेबलावर झाली. ती प्रत हातात घेऊन मी घराच्या ओसरीवर रडलो.

सिग्नल आणि ३१ जानेवारीचं पत्र जोडून अपील केलं. या वेळी एकच पान. २००७ मध्ये कोरिजेंडम, म्हणजे दुरुस्त केलेला, पीपीओ आला, वॉर इंज्युरी म्हणून, बोर्ड आऊटच्या तारखेपासून फरकासह. ६० टक्के होते त्याचे ७५ धरले गेले, कारण ५० ते ७५ च्या मधलं अपंगत्व पेन्शनसाठी ७५ धरतात. तुमच्या पीपीओत ते केलंय का, तेही बघा. मला ते वर्षानुवर्षं माहीतच नव्हतं.

तुमच्या घरात कुणी जखमी होऊन हॉस्पिटलात असेल तर डिस्चार्जच्या आधी इंज्युरी रिपोर्टची प्रत मागा आणि त्यावर जखम कशी झाली ते वाचा. नुसतं 'माइन ब्लास्ट' पुरत नाही. कुठं, कुठल्या ऑपरेशनमध्ये, कुणी पेरलेला सुरुंग, हे हवं. नंतर पलटणीतले साहेब बदलतात आणि सही द्यायला कुणी सापडत नाही. मूळ कागद कुणालाही देऊ नका. माझा एक मूळ कागद असाच एका फाइलमध्ये गेला, तो परत आला नाही.

पायाबद्दल एक राहिलं. सुरुवातीच्या काळात स्टंप बारीक होत जातो, मग सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, सैल होऊन घासतं. जास्तीचे मोजे घालून दिवस ढकलू नका, केंद्रात जाऊन माप पुन्हा द्या. मी तीन महिने ढकलले, म्हणून त्या रेल्वे प्रवासात ते फोड आले होते.