दोन हजार सातशे किलोमीटरवरचा सभासद

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ए.एफ.एल. स्पर्धेतील १८ क्लबांपैकी १० व्हिक्टोरिया राज्यातले आहेत आणि त्यांतल्याच मेलबर्नच्या एका क्लबाचा मी तिथे राहत असताना सभासद झालो. नोकरीनिमित्त बिऱ्हाड पर्थला हलवले तेव्हा संघ बदलण्याचा विचार मनात आला नाही, परंतु घरच्या प्रत्येक सामन्याला प्रवेश देणारे कार्ड सुमारे २,७०० किलोमीटरवर बसून बाळगण्यातही अर्थ नव्हता.

सभासद विभागाला कळवताच त्यांनी माझी नोंद परराज्यातील सभासदांत केली. वर्गणी बरीच उतरली, टपालाने टोपी, स्कार्फ आणि गाडीच्या काचेवर चिकटवायचे स्टिकर आले. मात्र अर्जामागच्या बारीक अक्षरांतील अटींत मताचा अधिकार गेला होता आणि अंतिम सामन्याच्या तिकिटांच्या क्रमात आमचा वर्ग तळाशी होता. सहकारी संस्थांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही अवस्था ओळखीची वाटते: वर्गणी घ्यायची, पण सभेत हात वर करू द्यायचा नाही, असा नाममात्र सभासद.

खरी अडचण पर्थमधल्याच सामन्याची होती. आमचा संघ वेस्ट कोस्ट किंवा फ्रीमँटल या इथल्या क्लबांविरुद्ध खेळायला वर्षातून एकदा, फार तर दोनदा इकडे येतो. ऑप्टस स्टेडियममध्ये सुमारे ६०,००० प्रेक्षक बसतात, परंतु त्यांतल्या बहुतेक जागा यजमान क्लबाच्या सभासदांकडे असतात आणि उरलेल्यांसाठी आम्ही सर्वसामान्य गिऱ्हाइकांबरोबर संगणकासमोर ताटकळत असू. चौकशी केली तर तिकिटे यजमानांच्या हाती असल्याचे उत्तर मिळाले, जे खरे असले तरी अपुरे होते, कारण पाहुण्या क्लबाला काही जागा आधी मागून घेता येतात आणि त्या कोणाला द्यायच्या हे तोच ठरवतो.

म्हणून पर्थमधील इतर सभासदांना गाठून आम्ही एकच लेखी निवेदन तयार केले. सवलतीची मागणी त्यात मुद्दाम ठेवली नाही. पर्थच्या सामन्यातील क्लबाच्या वाट्याच्या जागांवर येथील सभासदांचा पहिला हक्क असावा, मेलबर्नमधल्या ठरावीक सामन्यांचे जे मोजके प्रवेश आमच्या वर्गाला मिळत ते कोणत्याही सामन्याला वापरता यावेत किंवा तिथल्या नातेवाइकाला देता यावेत, आणि वाढीव वर्गणी भरणाऱ्याला मत मिळावे, एवढेच लिहिले. दुसऱ्या मागणीला कारण होते. हंगामाच्या उत्तरार्धातील सामन्यांचे वार आणि वेळा उशिरा जाहीर होतात, तोवर विमानाची स्वस्त तिकिटे संपलेली असतात. तेव्हा आधीच नेमून दिलेला सामना आमच्यासाठी वायाच जातो.

पाठपुरावा निवेदनापेक्षा कटकटीचा ठरला. मेलबर्नचे कार्यालय पाचला बंद होते तेव्हा पर्थमध्ये हिवाळ्यात तीन वाजलेले असतात, त्यामुळे फोन जेवणाच्या सुट्टीतच करावा लागे, आणि दर वेळी नवीन माणसाला सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. वार्षिक सभेसाठी प्रश्न मुदतीत लेखी पाठवण्याची सोय आहे हे कळल्यावर काम पुढे सरकले. सभा ऑनलाइनही होती. उन्हाळ्यात घड्याळातला फरक तीन तासांचा होत असल्याने ती आमच्या भर दुपारी आली आणि मी कचेरीतल्या एका रिकाम्या खोलीत बसून ऐकली. प्रश्न वाचला गेला, तो इतिवृत्तात नोंदवून घेतला गेला, आणि इतिवृत्तात आलेल्या विषयाला काहीतरी उत्तर द्यावे लागते हा सोसायटीच्या सभांतून मिळालेला धडा येथेही लागू पडला.

पुढच्या हंगामाच्या अर्जात पर्थच्या सामन्यासाठी आगाऊ खरेदीचा संकेतांक आणि कोणालाही देता येणारे प्रवेश, या दोन्ही गोष्टी आल्या. मतासाठी मात्र वरच्या वर्गाची पूर्ण वर्गणी भरावी लागते. ती मला अवाजवी वाटते, तरी मी भरली, कारण अंतिम सामन्याच्या तिकिटांचा क्रम बदलायचा असेल तर तो ठरवणाऱ्या संचालकांच्या निवडणुकीत आमच्यापैकी काहींना मत असणे आवश्यक आहे.