विद्युत मोटारीने सोलापूर–पुणे : प्रवास, बिघाड आणि विक्रीपश्चात सेवेचा अनुभव

राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. विद्युत मोटारीने निघणाऱ्याला बॅटरी पुरेल की नाही, हीच काळजी प्रथम वाटते. आमच्या मे महिन्यातील प्रवासानंतर माझे मत असे झाले आहे की, त्याहून मोठी काळजी गाडी वाटेत बंद पडल्यास जबाबदारी कोण घेणार याची करावी.

जाताना ऊन चढण्यापूर्वी, पहाटेच निघालो. मोहोळ मागे पडल्यावर रस्ता सरळ व मोकळा असल्याने वेग वाढवण्याचा मोह होतो, परंतु ताशी ८० किलोमीटरच्या आसपास राहिल्यास बॅटरीची बचत स्पष्ट जाणवते. टेंभुर्णीजवळचे पहिले चार्जिंग केंद्र ॲपमध्ये सुरू असल्याचे दिसत होते, प्रत्यक्षात मात्र यंत्र बंद होते आणि तेथील माणसाकडे त्याच्या दुरुस्तीचे कोणतेही अधिकार नव्हते. इंदापूरच्या अलीकडे दुसरे केंद्र मिळाले. या रस्त्यावर पुढचे केंद्र गाठण्यापुरता साठा शिल्लक असतानाच थांबावे, आणि ८० टक्क्यांनंतर जलद चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जात असल्याने तेवढ्यावर निघावे. उन्हात तापलेल्या बॅटरीचे रक्षण करण्यासाठी गाडी स्वतःहूनही चार्जिंग मंदावते, त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारचा थांबा नेहमीपेक्षा लांबतो.

खरा त्रास परतीच्या वाटेवर झाला. भिगवण ओलांडून जेवणासाठी थांबलो आणि बाहेर आलो, तर गाडीचे दारही उघडेना. मुख्य बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली होती. बिघाड १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत होता. कुलपे, पडदा आणि नियंत्रक यंत्रणा याच बॅटरीवर चालतात, आणि मुख्य बॅटरी चाके फिरवणाऱ्या मोटरशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विचसुद्धा तिच्याच विजेवर जोडले जातात, म्हणून ती मेली की बाकी सारी शक्ती असूनही गाडी जागची हलत नाही. ही गोष्ट विक्रीच्या वेळी आम्हाला कोणी सांगितली नव्हती, आणि ती प्रत्येक ग्राहकाला सांगायलाच हवी असे मला वाटते.

मदतवाहिनीवर प्रत्येक फोनला नवा प्रतिनिधी आणि तीच माहिती पुन्हा पहिल्यापासून. सोबत वयस्कर आई असताना भर उन्हात ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढेच वाक्य ऐकत राहणे फार क्लेशदायक होते. पुढे जी क्रेन आली ती पुढची चाके उचलून ओढणारी होती. आमच्या गाडीला मागील चाकांवर चालना असल्याने मी तिला नकार दिला, कारण चालना मिळणारी चाके ओढताना फिरली की मोटर जनित्रासारखी वीज निर्माण करू लागते आणि यंत्रणेला इजा होऊ शकते. चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड गाडी येईपर्यंत संध्याकाळ झाली.

सोलापूरच्या कार्यशाळेत उच्च विद्युतदाबाच्या यंत्रणेचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ नव्हता, म्हणून तपासणी पुण्याहून माणूस येईपर्यंत रखडली. त्यातच विक्रेता कंपनीकडे बोट दाखवी आणि कंपनी विक्रेत्याकडे. मुख्य बॅटरीला अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, परंतु छोट्या बॅटरीची हमी वेगळी आणि बरीच कमी मुदतीची असते, ही अट आम्हाला त्या वादाच्या ओघातच दाखवण्यात आली.

या मार्गाने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी छोट्या बॅटरीची तपासणी करून घ्यावी आणि दार हाताने उघडण्याची किल्ली कोठे आहे ते पाहून ठेवावे. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच बाहेरून १२ व्होल्टचा पुरवठा जोडावा. त्यासाठी लागणाऱ्या तारा मी आता डिकीतच ठेवतो. महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, मात्र फोनवरच फ्लॅटबेड हवी असे स्पष्ट सांगावे. कार्यशाळेत गाडी सोपवताना जॉबकार्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, पडद्यावरील सूचनांची छायाचित्रे काढावीत आणि फोनवर मिळालेले प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी ईमेलने लेखी कळवावे, कारण पुढे विक्रेता व कंपनी एकमेकांवर ढकलू लागले की हाच कागद उपयोगी पडतो.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ वर तक्रार करावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यामुळे कंपनीचे कार्यालय पुण्यात किंवा मुंबईत असले, तरी सोलापूरच्या ग्राहकाला तेथे खेटे घालावे लागत नाहीत. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.